चौकटीतले आकडे, चौकटीबाहेरचे खेळाडू : बेसबॉलच्या ग्रंथव्यवहारातील एक रिकामी जागा

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या ग्रंथेतिहासात १९०७ या एकाच वर्षी दोन दस्तऐवज तयार झाले. त्यांपैकी एक सर्वांना ठाऊक झाला, दुसरा जवळजवळ नाहीसा झाला.

पहिला दस्तऐवज म्हणजे ए. जी. मिल्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा निष्कर्ष. क्रीडासाहित्याचे मोठे कारखानदार आणि एके काळचे नामांकित खेळाडू अल्बर्ट स्पाल्डिंग यांच्या पुढाकाराने हा आयोग १९०५ साली नेमला गेला. बेसबॉलचा जन्म कुठे झाला हे ठरवणे एवढेच त्याचे काम होते. हा खेळ इंग्लंडातील 'राउंडर्स' या मुलांच्या खेळातून आला, असे हेन्री चॅडविक हे ज्येष्ठ क्रीडालेखक सांगत असत आणि राष्ट्रीय खेळाला परकी आईबाप असावेत हे स्पाल्डिंग यांना मानवत नव्हते. आयोगाने १९०७ च्या डिसेंबरअखेर निर्णय दिला की, ॲबनर डबलडे या पुढे यादवी युद्धात सेनापती झालेल्या गृहस्थाने न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या गावी १८३९ साली हा खेळ निर्माण केला. आधार काय, तर ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध खाणअभियंत्याचे पत्र. १८३९ मध्ये हे साक्षीदार पाच वर्षांचे होते आणि स्वतः डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते! तरीही या कथेवर विसंबून १९३९ साली कूपर्सटाऊनला बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम' उभे राहिले आणि आजही ते तिथेच आहे. साहित्याच्या अध्यापकांना इथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी'ची नायिका बालपणी ज्या दांडगाईच्या खेळांत रमते त्यांत 'बेस बॉल'चा उल्लेख आहे. ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा डबलडे यांचा जन्मही व्हायचा होता.

दुसरा दस्तऐवज त्याच वर्षी फिलाडेल्फियात छापला गेला. सॉल व्हाइट हे कृष्णवर्णीय खेळाडू आणि संघव्यवस्थापक. त्यांनी कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा इतिहास एका छोट्या पुस्तकात लिहून काढला : कोणते संघ निघाले, कोणते मोडले, कोण कसे खेळत असे, प्रवासात उतरायला जागा मिळताना काय हाल होत आणि गोऱ्यांच्या संघांची दारे त्यांना कशी बंद झाली. व्हाइट हे स्वतः १८८७ साली व्हीलिंग येथील गोऱ्यांच्या संघातून खेळलेले होते. दार बंद होताना ते आतल्या बाजूला होते. त्यामुळे या पुस्तकाला साक्षीचे मोल आहे. डबलडेच्या कथेला पाठ्यपुस्तके, टपालतिकीट आणि संग्रहालय मिळाले. व्हाइट यांच्या पुस्तकाच्या मात्र मोजक्याच प्रती शिल्लक उरल्या आणि शतकाच्या अखेरीस पुनर्मुद्रण होईपर्यंत ते संग्राहकांपलीकडे फारसे कोणाला पाहायला मिळाले नाही.

आम्ही बेसबॉलचा एकही सामना मैदानात बसून पाहिलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ऑगस्ट विल्सन यांच्या 'फेन्सेस' या नाटकावाटे आम्ही या खेळाकडे आलो आणि पुढे पुस्तकांतूनच फिरलो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा मराठी वाचकाला परका नाही. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तिथल्या साहित्याची ओळख मराठीत करून दिली. 'दलित पँथर' हे नावही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून आले. पण या ओळखीत कविता आली, आत्मकथने आली, खेळाविषयीचे लेखन आले नाही. खेळाचे लेखन हे वाङ्मय नव्हे, अशी आपल्या विद्यापीठीय समीक्षेची एक न लिहिलेली समजूत आहे. अमेरिकेत तसे नाही. तिथे बेसबॉलवर जेवढे आणि ज्या प्रतीचे लिहिले गेले तेवढे तिथल्या क्वचितच दुसऱ्या खेळावर लिहिले गेले असेल. त्या लेखनाची मुळे शोधू लागले की आपण कथाकादंबऱ्यांच्या आधी एका तक्त्यापाशी येऊन थांबतो.

त्या तक्त्याला 'बॉक्स स्कोअर' म्हणतात. सामन्याचा सारा वृत्तांत वर्तमानपत्राच्या एका चौकटीत बसवायचा : डाव्या अंगाला खेळाडूंची नावे, पुढे रकान्यांत आकडे. अशा चौकटी १८४५ पासून क्वचित छापल्या जात होत्या. त्यांना शिस्त आणि प्रतिष्ठा दिली ती वर उल्लेखिलेल्या हेन्री चॅडविक यांनी. चॅडविक मूळचे इंग्लंडातील एक्सेटरचे. लहानपणी अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत क्रिकेटचे वार्ताहर झाले. क्रिकेटची गुणनोंद त्यांच्या हाडीमाशी मुरलेली होती. तीच त्यांनी १८५९ च्या सुमारास बेसबॉलला लावली. १८६० मध्ये त्यांनी दहा सेंट किमतीची एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात नियमांबरोबर आकडेही होते. फलंदाज चेंडू न लागताच बाद झाला की आजही गुणलेखक 'के' हे अक्षर मांडतात, तेही चॅडविक यांचेच.

या चौकटीत एक रकाना असा आहे की ज्याला क्रिकेटमध्ये जोड नाही. क्रिकेटच्या धावफलकात झेल घेणाऱ्याचे नाव येते, सोडणाऱ्याचे येत नाही. बेसबॉलच्या चौकटीत क्षेत्ररक्षकाची चूक त्याच्या नावापुढे नोंदली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती साऱ्या गावासमोर येते. चॅडविक जुगाराचे कट्टर विरोधक आणि वृत्तीने नीतिवादी होते. खेळाडूच्या यशापयशाचा जमाखर्च व्यक्तिशः मांडला गेला पाहिजे, हा त्यांच्या लेखनातला आग्रह त्या वृत्तीशी जुळणारा आहे. एकूण, बेसबॉलची नोंद ही आरंभापासूनच चरित्राच्या अंगाने जाणारी आहे. कोण काय करू शकला आणि कुठे चुकला, हे ती सांगते. गेल्या शंभर वर्षांतील बेसबॉल कादंबरीचे बीज आम्हाला या रकान्यात दिसते.

कादंबऱ्यांविषयी थोडक्यात. रिंग लार्डनर यांची 'यू नो मी ॲल' (१९१६) ही एका बढाईखोर, अर्धशिक्षित गोलंदाजाने मित्राला लिहिलेल्या पत्रांची मालिका आहे. चुकीचे शुद्धलेखन आणि बोलीचा ठेका यांतून त्या माणसाचे अज्ञान त्याच्या नकळत उघडे पडत जाते. व्हर्जिनिया वुल्फ यांना बेसबॉल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही १९२५ च्या एका निबंधात त्यांनी लार्डनर यांची मनःपूर्वक प्रशंसा केली. बर्नार्ड मॅलमड यांच्या 'द नॅचरल' (१९५२) मध्ये बॅट ही मध्ययुगीन वीराची तलवार होते आणि संघाचे नावही 'नाइट्स' असते. ही कादंबरी आम्हाला थोडी बेतलेली वाटते. तिचा शेवट मात्र पराभवाचा आहे आणि तो मॅलमड यांनी धीटपणे केला आहे. १९८४ च्या चित्रपटाने तो उलटा करून टाकला. जॉन अपडाइक यांचा 'हब फॅन्स बिड किड अड्यू' (१९६०) हा 'न्यूयॉर्कर'मधला निबंध टेड विल्यम्स यांच्या अखेरच्या सामन्यावर आहे. त्या दिवशी विल्यम्स यांनी शेवटच्या खेपेला चेंडू मैदानाबाहेर धाडला, हे अपडाइक यांचे भाग्य. पण निबंधाचा मोठा भाग त्या फटक्यावर नाही. वीस वर्षे एकाच शहराशी भांडत राहिलेल्या एका माणसाच्या एकाकीपणावर तो आहे.

या साऱ्यांत आमच्या विषयाला सर्वांत जवळची आहे ती रॉबर्ट कूव्हर यांची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' (१९६८). तिचा नायक जे. हेन्री वॉ हा एकटा राहणारा हिशेबनीस. स्वयंपाकघराच्या टेबलावर तो फासे टाकून काल्पनिक संघांचे सामने खेळतो आणि एकेका सामन्याची नोंद वह्यांत करतो. खेळाडूंना नावे देतो, त्यांना म्हातारे करतो, मारतो. एके दिवशी फाशांचे दान असे पडते की त्याचा लाडका तरुण गोलंदाज नियमानुसार मेलाच पाहिजे. इथून पुढे वह्यांमधली माणसे खरी होत जातात आणि बाहेरचा हिशेबनीस विरत जातो. नायकाच्या नावाच्या आद्याक्षरांत हिब्रू बायबलातील ईश्वराचे नाव दडले आहे, याची चर्चा समीक्षकांनी पुष्कळ केली आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते निराळे. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो जगला आणि ज्याचे नाही तो झालाच नाही, हा बेसबॉलच्या जगाचा अलिखित नियम कूव्हर यांनी त्याच्या टोकापर्यंत नेऊन दाखवला.

योगायोग असा की, पुढच्याच वर्षी त्या नियमावर अधिकृत शिक्कामोर्तब झाले. १९६९ मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेचा 'बेसबॉल एनसायक्लोपीडिया' निघाला. संगणकाच्या साहाय्याने संकलित केलेला, दोन हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ खेळाच्या अभ्यासकांना धर्मग्रंथासारखा झाला. त्याच सुमारास नोंदींचे प्रश्न निकालात काढण्यासाठी एक विशेष समिती बसली आणि इतिहासात 'मेजर लीग' कोणकोणत्या, हे तिने ठरवले. तिने सहा लीग मान्य केल्या. त्यांत १८८४ साली एकच हंगाम चाललेली युनियन असोसिएशनही होती. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यांनी स्थापलेली निग्रो नॅशनल लीग आणि तिच्यामागून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या लीग मात्र या यादीत नव्हत्या. ('निग्रो लीग' हे त्या संस्थांचे ऐतिहासिक नाव असल्याने ते आम्ही तसेच ठेवले आहे.) दोन हजार पानांमध्ये एका हंगामापुरता, एका सामन्यापुरता खेळून गेलेला गोरा खेळाडू सापडतो. जॉश गिब्सन यांच्या त्या काळातल्या कारकिर्दीला तिथे जागा नाही.

गिब्सन यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. पिट्सबर्ग आणि परिसरातील होमस्टेड ग्रेज व पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांचे ते यष्टिरक्षकासारखे काम करणारे 'कॅचर' आणि त्यांच्या काळातले सर्वांत ताकदीचे फलंदाज. २० जानेवारी १९४७ रोजी, पस्तिसाव्या वर्षी ते वारले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या वतीने मैदानात उतरले आणि वर्णभेदाची भिंत पडली. शोकांतिकेत असा तपशील कोणी योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

या खेळाडूंची नोंद का झाली नाही, याचे 'वंशभेद' हे एका शब्दाचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. तो भेद नोंदीच्या पातळीवर कसा काम करीत होता ते पाहिले पाहिजे. गोऱ्यांच्या संघांमागे रोज निघणारी वर्तमानपत्रे होती. त्यांचे वार्ताहर संघाबरोबर आगगाडीने फिरत. 'द स्पोर्टिंग न्यूज' हे १८८६ पासूनचे सेंट लुइसचे पत्र तर 'बेसबॉलचे बायबल' म्हणूनच ओळखले जाई. कृष्णवर्णीयांच्या सामन्यांची दखल घेणारी पत्रे निराळी : 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर', 'बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन'. ही प्रामुख्याने साप्ताहिके होती. त्यांच्याजवळ दौऱ्यावर वार्ताहर धाडण्याइतका पैसा नव्हता. सामन्याचा निकाल संघाच्या व्यवस्थापकानेच तारेने किंवा टपालाने कळवायचा, असा प्रघात होता. आज या गावी तर उद्या दुसऱ्या, कधी एका दिवसात दोन सामने, रात्र बसमध्ये, अशी ज्या संघाची दिनचर्या, त्याने बसून तक्ते भरायचे कधी? हरलेल्या सामन्याचा निकाल तर पुष्कळदा पाठवलाच जात नसे. शिवाय लीगचे सामने थोडे. उरलेले दिवस गावोगावच्या संघांशी प्रदर्शनीय सामने खेळून पोट भरायचे आणि त्यांची मोजदाद कुठल्याच चौकटीत व्हायची नाही.

पत्रकारांचीही तीच गत होती. 'पिट्सबर्ग कुरियर'चे वेंडेल स्मिथ हे रॉबिन्सन यांच्यासाठी सतत लिहिणारे आणि १९४७ च्या हंगामात त्यांच्याबरोबर प्रवास करणारे पत्रकार. रॉबिन्सन यांचे पहिले आत्मचरित्र 'माय ओन स्टोरी' (१९४८) त्यांनीच शब्दांकित केले. पण गोऱ्यांच्या दैनिकात नोकरी नाही, या कारणास्तव बेसबॉल लेखकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले होते. म्हणजे खेळाडू मैदानाबाहेर आणि त्याच्याविषयी लिहिणारा पत्रकारकक्षाबाहेर! पुढे १९९३ साली त्याच संघटनेने स्मिथ यांना मरणोत्तर आपला सर्वोच्च पुरस्कार जाहीर केला. त्या पुरस्काराला तेव्हा 'स्पोर्टिंग न्यूज'चे प्रकाशक जे. जी. टेलर स्पिंक यांचे नाव होते आणि त्यांच्या पत्राने १९४२ मध्ये गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळण्याच्या विरोधात अग्रलेख लिहिला होता. हे नाव २०२१ मध्ये काढून टाकण्यात आले.

इथे आमच्या मनात अपरिहार्यपणे आपल्याकडील बाळू पालवणकर येतात. रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या ग्रंथामुळे ते पुन्हा वाचकांसमोर आले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, कारण ते सामने नोंदले गेले. बाळू यांना गोलंदाजी करू दिली जात होती, म्हणून ते धावफलकात आहेत. पुण्यात त्यांना चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई, आणि ते भांडे कुठल्याही धावफलकात नाही. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, फार झगड्यानंतर, १९२३ मध्ये. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि गुहा यांनी त्याचा आधार घेतला आहे. आमच्या पाहण्यातल्या कुठल्याही एम. ए.च्या अभ्यासक्रमात, आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या संदर्भयादीत, हे पुस्तक आम्हाला आढळलेले नाही. आम्हीही ते कधी लावलेले नाही. तुलना ताणायची नाही. जात आणि वर्ण यांचे व्यवहार भिन्न आहेत. तरी चौकटीत असणे आणि चौकटीबाहेर असणे या दोन्ही तऱ्हांनी माणूस अर्धा राहू शकतो, एवढे या दोन उदाहरणांतून दिसते.

आता पुन्हा अमेरिकेकडे. १९६० च्या दशकात बेसबॉलच्या इतिहासलेखनाला मौखिक इतिहासाचे वळण लागले. लॉरेन्स रिटर हे न्यूयॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९६१ मध्ये टाय कॉब वारले, त्याच सुमारास रिटर यांचे वडीलही गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीचे खेळाडू संपत चालले आहेत, या जाणिवेने त्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन देशभर हजारो मैलांचा प्रवास केला आणि 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' (१९६६) सिद्ध केले. वृद्ध खेळाडू बोलतात, संपादक जवळजवळ अदृश्य राहतो. या पद्धतीचे इतके नितळ पुस्तक आम्ही फारसे वाचलेले नाही. त्यात 'चीफ' मायर्स हे आदिवासी अमेरिकन खेळाडू आहेत. कृष्णवर्णीय मात्र एकही नाही. यात रिटर यांचा दोष काढणे सोपे आहे. त्यांनी मेजर लीगच्या जुन्या खेळाडूंचा शोध घेतला आणि त्या काळात तिथे कृष्णवर्णीय नव्हतेच. चौकट आधीच आखलेली होती, आणि तिच्या आत प्रामाणिकपणे शोधणारालाही तीच माणसे सापडणार होती.

ही चौकट ओलांडली ती रॉबर्ट पीटरसन यांच्या 'ओन्ली द बॉल वॉज व्हाइट' (१९७०) या पुस्तकाने. पीटरसन मुक्त पत्रकार होते. विद्यापीठ नाही, अनुदान नाही. कृष्णवर्णीयांच्या जुन्या साप्ताहिकांच्या फायली त्यांनी चाळल्या, हयात खेळाडूंना गाठले आणि तुकडे जुळवून एक सलग कथा उभी केली. सॉल व्हाइट यांच्या विस्मृत पुस्तकालाही त्यांनी आधार म्हणून वापरले. आज त्यातल्या काही तपशिलांत दुरुस्त्या झाल्या आहेत, पण पुढच्या संशोधनाची पायवाट त्यांनीच पाडली. १९७५ मध्ये जॉन हॉलवे यांनी निग्रो लीगच्या खेळाडूंच्या मुलाखतींचे पुस्तक काढले. रिटर यांच्या ग्रंथातील रिकाम्या खुर्च्यांवर जणू ही माणसे येऊन बसली. त्याआधी १९६६ मध्ये टेड विल्यम्स यांनी हॉल ऑफ फेममधील आपल्या सत्काराच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांना तिथे स्थान मिळावे अशी अपेक्षा जाहीरपणे व्यक्त केली होती. अपडाइक यांच्या निबंधातले तेच शब्दांना महाग विल्यम्स. १९७१ मध्ये पेज यांची निवड झाली, तेव्हा प्रथम त्यांच्यासाठी वेगळे दालन करण्याचा घाट होता. स्मारकातही वेगळी पंगत! टीका झाल्यावर तो बेत सोडण्यात आला.

विषयांतराचा दोष पत्करून एक गोष्ट नोंदवतो. बेसबॉलचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास म्हणून हॅरॉल्ड सिमोर यांच्या तीन खंडांचा (१९६०, १९७१, १९९०) गौरव होतो. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते प्रसिद्ध केले. त्यांतील संशोधनाचा आणि लेखनाचा फार मोठा भाग त्यांच्या पत्नी डोरोथी यांचा होता, आणि तिसरा खंड तर पतीच्या आजारपणात बहुतांशी त्यांनीच लिहिला. नाव मात्र एकट्या हॅरॉल्ड यांचे. २०१० मध्ये, म्हणजे पहिल्या खंडानंतर पन्नास वर्षांनी, प्रकाशकांनी त्यांना सहलेखिका म्हणून मान्यता दिली. तिसऱ्या खंडात स्त्रिया, कैदी, आदिवासी, कृष्णवर्णीय असा चौकटीबाहेरचा सारा बेसबॉल आहे. तो कोणाच्या हातून लिहिला गेला हे कळल्यावर त्या खंडाकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

'फेन्सेस' (प्रथम प्रयोग १९८५, पुलित्झर पारितोषिक १९८७) आम्हाला पुन्हा वाचावेसे वाटले ते या पार्श्वभूमीवर. नाटकाचा काळ १९५७, स्थळ पिट्सबर्ग, म्हणजे गिब्सन यांचेच शहर. ट्रॉय मॅक्सन हा त्रेपन्न वर्षांचा नायक कचरा उचलण्याचे काम करतो. एके काळी तो निग्रो लीगमध्ये खेळलेला आहे. अंगणातल्या झाडाला चिंध्यांचा चेंडू टांगलेला आहे, खोडाला बॅट टेकवलेली आहे. तू फार लवकर जन्मलास, असे मित्र आणि बायको त्याची समजूत घालतात. खेळता येत असेल त्याला 'लवकर' असे काही असताच कामा नये, असा त्याचा प्रतिवाद आहे. आणि मग तो आकडे सांगतो. यँकी संघातल्या एका गोऱ्या खेळाडूची सरासरी काय होती, त्याच वेळी आपली काय होती, आपण किती 'होम रन' मारले, हे सारे त्याच्या ओठांवर आहे. पहिल्या वाचनात आम्हाला ही बढाई वाटली होती, लार्डनर यांच्या गोलंदाजाच्या जातीची. आता तसे वाटत नाही. ट्रॉयच्या आकड्यांना कुठलाही ज्ञानकोश नाही. त्याची चौकट त्याच्या तोंडात आहे आणि तो बोलायचा थांबला की ती मिटणार आहे. मुलाला मिळू पाहणारी फुटबॉलची शिष्यवृत्ती तो हाणून पाडतो. त्याची ही क्रूरता क्षम्य नाही, आणि विल्सन यांनीही ती क्षम्य करून दाखवलेली नाही. पण जग खेळाडूची नोंद ठेवते यावर ज्याचा विश्वासच उडाला आहे त्या बापाचे ते कृत्य आहे, हे ध्यानात घेऊन नाटक शिकवले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

चौकटीची दुरुस्ती अखेर झाली. १६ डिसेंबर २०२० रोजी मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना 'मेजर' दर्जा दिला आणि १९६९ च्या यादीतील त्रुटी मान्य केली. त्यानंतर इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोंदी तपासल्या आणि मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदीत समाविष्ट झाले. ही दुरुस्ती शक्य झाली ती ज्यांनी वर्षानुवर्षे, बहुधा पदरमोड करून, जुन्या साप्ताहिकांतून एकेक चौकट वेचून काढली त्या हौशी संशोधकांमुळे. आता कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत पहिले नाव जॉश गिब्सन यांचे आहे : ०.३७२, म्हणजे हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके. टाय कॉब ०.३६७ वर, दुसऱ्या स्थानी गेले.

आनंदाची गोष्ट आहेच. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे किंचित थांबावे असे आम्हाला वाटते. कूपर्सटाऊन येथील गिब्सन यांच्या स्मृतिफलकावर त्यांच्या 'होम रन'ची संख्या आठशेच्या जवळपास असल्याचे कोरले आहे. अधिकृत नोंदीत आज ती दोनशेच्या आत आहे. दोन्ही आपापल्या परीने खरे. फलकावरच्या आकड्यात गावोगावचे सामने, मैदाने आणि ऐकीव आठवणी आहेत. नोंदीतल्या आकड्यात ज्यांची चौकट हाती लागली एवढेच लीगचे सामने आहेत. म्हणजे आकड्यांच्या राज्यात गिब्सन यांना प्रवेश मिळाला, त्याच वेळी ज्या सहाशे फटक्यांनी त्यांची दंतकथा घडली ते दाराबाहेर राहिले. काही जुन्या चाहत्यांना या समावेशाने कॉब यांच्यावर अन्याय झाल्यासारखे वाटले. त्यांच्या तक्रारीत आम्हाला फारसे तथ्य दिसत नाही. कॉब यांनीही त्या काळातल्या सर्वोत्तम कृष्णवर्णीय गोलंदाजांना मेजर लीगमध्ये कधी तोंड दिलेले नाही, आणि त्यांच्या सरासरीपुढे तशी तळटीप कधी कोणी छापली नाही. खरी अडचण दुसरीच आहे. समितीच्याच अंदाजाप्रमाणे त्या काळातील सुमारे ७२ टक्के नोंदी हाती आल्या आहेत. उरलेल्या २८ टक्क्यांतील काही अजून कुठल्या तरी फायलीत सापडतील आणि गिब्सन यांची सरासरी एखाद-दोन अंशांनी वरखाली होईल. पण पुष्कळशा सामन्यांच्या वेळी कोणी लिहून घेतलेच नव्हते. तिथे संशोधकाचे काम संपते आणि ट्रॉय मॅक्सनची बढाई ऐकावी लागते.

सॉल व्हाइट १९५५ साली वारले. आपल्या पुस्तकाची पुढची, वाढवलेली आवृत्ती काढण्याचा त्यांचा मानस पैशाअभावी सिद्धीस गेला नाही. २००६ मध्ये त्यांची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. त्याच निवडीत बक ओ'नील हे निग्रो लीगचे हयात असलेले, उत्तम कथेकरी खेळाडू वगळले गेले, आणि समारंभात दिवंगत मानकऱ्यांच्या वतीने बोलायला मात्र त्यांनाच उभे करण्यात आले. चौऱ्याण्णव वर्षांचे ओ'नील तक्रारीचा सूर न काढता बोलले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले. त्यांची निवड २०२१ च्या डिसेंबरात झाली. व्हाइट यांची कबर स्टेटन आयलंडवरील दफनभूमीत आहे. २०१४ सालापर्यंत तिच्यावर नावाचा दगड नव्हता.